यकृताचा आजार आणि वजनाचा काटा



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते मला या शाळेत आठवीपासून अकरावीपर्यंत शिकवायला होते. विज्ञान आणि शारीरिक शिक्षण असे दोन्ही विषय त्यांच्याकडे असत. दर जून आणि जानेवारीत ते आम्हांला रांगेने उभे करून उंची, वजन, छाती आणि फुगवलेली छाती अशा चार नोंदी एका लांबट वहीत करीत. त्यानंतर प्रत्येकाचा दंड चिमटीत धरून पाहत आणि शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहीत. आमच्या वर्गातल्या सर्वांत वजनदार मुलाच्या नावापुढे त्यांनी लिहिलेला शेरा आम्ही चोरून वाचला होता. 'गुबगुबीत, पण पोकळ.' आम्ही त्यावर महिनाभर हसलो. त्या शेऱ्यात किती शास्त्र होते हे मला कळायला पुढे जवळजवळ पन्नास वर्षे लागली.

आजचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. माझी डॉक्टरकी संतवाङ्मयावरची आहे, नाडी पाहण्याची नव्हे. ज्ञानेश्वरीतील क्रियापदांविषयी मी आपला तासभर सहज घेऊ शकलो असतो. परंतु गेल्या काही वर्षांत मला सर्वांत अधिक अभ्यास करावा लागला तो एका आजाराचा, आणि तोही घरातल्या माणसासाठी. सिऱ्होसिस झालेल्या माणसाचे पोषण नीट होत आहे की नाही, हे कसे ओळखावे? प्रश्न साधा दिसतो. तो आमच्या घराने दीड वर्ष चुकीच्या रीतीने सोडवला, आणि त्या चुकीतला मोठा वाटा माझा होता. औषध कोणते घ्यावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही, आणि ते मी सांगणारही नाही.

प्रथम थोडे शब्दांविषयी, कारण ती माझी सवय आहे. आपण ज्याला काळीज म्हणतो ते मुळात यकृतच. संस्कृतात 'कालेय' म्हणजे यकृत; त्यावरून आपला शब्द आला. खाटकाच्या दुकानात कलेजी अजूनही यकृताचीच मिळते. घरात मात्र काळीज धडधडू लागले, तुटू लागले, आणि हळूहळू हृदयाच्या जागी जाऊन बसले. 'काळजाचे पाणी होणे' हा वाक्प्रचार मी वर्गात शेकडो वेळा समजावून दिला असेल. तो अक्षरशः खरा होताना मी माझ्या भावाच्या पोटात पाहिला.

सिऱ्होसिस हे नाव फ्रेंच वैद्य लेनेक यांनी १८१९ मध्ये रूढ केले. स्टेथोस्कोपचा शोध लावणारे तेच हे लेनेक. आजारी यकृताचा पिवळट-तांबूस रंग पाहून त्यांनी त्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव दिले. यकृताला वर्षानुवर्षे इजा होत राहिली की त्यात व्रणासारखे कठीण धागे पसरतात, उरलेल्या पेशींच्या गाठी बनतात आणि रक्ताची वाट अडते. कारणे अनेक आहेत : दारू, 'ब' आणि 'क' प्रकारची कावीळ, आणि हल्ली मधुमेह व स्थूलपणा यांच्या जोडीने येणारी यकृतातील चरबी. माझ्या भावाने आयुष्यात दारूला स्पर्श केला नाही. दारूबंदीच्या राज्यात जन्म काढलेल्या या माणसाकडे आजाराचे नाव ऐकताच ओळखीपाळखीचे लोक ज्या नजरेने पाहू लागले, तिने त्याला आजाराइतकेच खंगवले. ते असो.

आपल्याकडे या आजाराच्या पुढच्या अवस्थेला जलोदर हा जुना शब्द आहे. चरकसंहितेत उदररोगाचे आठ प्रकार सांगितले आहेत, आणि उदराच्या सामान्य लक्षणांमध्ये पायांवरची सूज व मंदावलेला अग्नी यांच्याबरोबर 'कार्श्य' हाही शब्द येतो. कार्श्य म्हणजे कृशता. पोट फुगत असताना माणूस कृश होतो, हे त्या वैद्यांनी एका दमात सांगून ठेवले आहे. मी संस्कृत जाणणारा माणूस. मला हा शब्द ठाऊक होता, आणि तरीही समोर बसलेला माणूस कृश होतो आहे हे मला दिसले नाही, कारण माझी नजर काट्यावर होती.

माझा धाकटा भाऊ तरुणपणी दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाममंदिरात नियमाने जाई. प्रोफेसर माणिकरावांच्या नावाने बडोद्यात सर्वांना ठाऊक असलेला तो आखाडा. मलखांबावर तो एका हाताच्या पकडीवर शरीर तोलून धरी. पुढे सरकारी नोकरी, बैठे काम, मधुमेह, आणि वजन ७४ किलोपर्यंत. २०१३ मध्ये निदान झाले तेव्हा ते ७० होते. २०१४ च्या मध्यास ६३ झाले. डॉक्टरांनी वजन रोज लिहून ठेवायला सांगितले होते. ते काम मी माझ्याकडे घेतले. दोनशे पानी वही आणली, तारखांचे रकाने आखले. ऑक्टोबरपासून आकडा चढू लागला. ६४, ६५, ६६. परदेशी असलेल्या पुतण्याला मी कळवले, 'प्रकृती सुधारत आहे, वजन तीन किलोंनी वाढले.' हे वाक्य मी लिहिले आहे. भाषेचा माणूस म्हणून सांगतो, त्यातील 'वाढले' हे क्रियापद खरे होते आणि 'सुधारत आहे' हे खोटे.

२०१५ च्या जानेवारीत तपासणीला गेलो असता तेथील आहारतज्ज्ञ मुलगी भेटली. गुजराती, पण मराठी स्वच्छ बोलणारी. मी अभिमानाने वही पुढे केली. तिने ती चाळली, मग भावाला म्हणाली, "काका, सदरा काढता का जरा?" तिने त्याच्या कानशिलांपाशी बोट फिरवले. तेथे खळगे पडले होते. गळ्याखालची हाडे दोरीसारखी वर आली होती. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये जे मांस असते, ते जाऊन तेथे नुसती खोलगट कातडी राहिली होती. मग तिने शिंप्याकडे असते तशी फीत काढून दंड मोजला. ज्या दंडाची बेटकुळी दाखवून हा आम्हांला लहानपणी भिववायचा, तो दंड. मी त्याला रोज पाहत होतो, आणि सदऱ्याखाली काय उरले आहे हे मला ठाऊक नव्हते.

नंतर तिने कागदावर गणित मांडले. ते मी येथे तसेच सांगतो, कारण माझ्या व्याख्यानातील सर्वांत उपयोगी भाग तोच आहे. पोटात पाणी साचलेल्या रुग्णाचे वजन म्हणजे माणूस अधिक पाणी. पाणी काढून घेतल्यावर लगेच केलेले वजन, किंवा पाणी साचू लागण्यापूर्वीचे वजन उपलब्ध असेल तर ते घ्यावे. तसे नसेल तर अंदाजाने वजावट करतात : पाणी थोडे असल्यास शेकडा ५, मध्यम असल्यास १०, पोट तट्ट फुगले असल्यास १५; आणि दोन्ही पायांवर सूज असल्यास आणखी ५. युरोपीय यकृततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेत हीच रीत दिलेली आहे. भावाचे पोट तट्ट होते आणि दोन्ही पाय सुजलेले. ६६ किलोंमधून शेकडा २० गेले, म्हणजे १३.२. उरला ५२.८ किलोंचा माणूस. माझ्या वहीत जो ६३ वरून ६६ वर चढला होता, तो ७४ वरून ५३ वर आला होता.

उंचीच्या मानाने वजन ठरवणारा जो निर्देशांक आपण सर्व हल्ली ऐकतो, तोही येथे फसवतो. भावाची उंची १६५ सेंटिमीटर. ६६ किलो धरले तर निर्देशांक २४ च्या वर येतो, आणि कोणीही म्हणेल की गृहस्थ खातेपिते आहेत. खरे वजन धरले तर तो १९.४ येतो. फ्रान्समधील काँपियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की सिऱ्होसिसमध्ये मर्यादाच वेगळ्या धरायला हव्यात : पाणी नसेल तर २२, थोडे असेल तर २३, आणि पोट तट्ट असेल तर २५, त्याखाली आकडा आला की कुपोषणाची शंका घ्यावी. म्हणजे वजावट न करतासुद्धा माझ्या भावाचा २४ चा आकडा धोक्याच्या बाजूलाच पडत होता.

हे असे का होते, हे समजून घेताना मला एक घरगुती उपमा सुचली. यकृत हे शरीराचे कोठार आहे. आपण जेवतो, त्यातील साखरेचा काही भाग यकृत ग्लायकोजेनच्या रूपाने साठवते आणि रात्री आपण झोपलो असता थोडाथोडा मोकळा करते. सिऱ्होसिसमध्ये कोठारच आक्रसते. रात्रीचे काही तास गेले की साठा संपतो आणि शरीर स्नायू मोडून त्यांतील प्रथिनांपासून साखर बनवू लागते. ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मोजून दाखवले की सिऱ्होसिसच्या रुग्णाचा एका रात्रीचा उपास निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपाशीपणाइतका असतो. आमच्या घरी संध्याकाळी साडेसातला जेवण आणि सकाळी साडेसातला चहा, ही शिस्त वडिलांपासूनची. म्हणजे ज्या घरात कोणी उपाशी झोपत नाही असा आमचा समज होता, त्या घरात एक माणूस रोज रात्री दोन-तीन दिवसांचा उपास करीत होता. त्यात एकादश्या वेगळ्या.

दुसरे असे की स्नायू हे केवळ बळाचे साधन नव्हे. आतड्यांत तयार होणारा अमोनिया यकृताने निपटायचा असतो. यकृत थकले की ते काम काही प्रमाणात स्नायू करतात. स्नायू झिजले की अमोनिया मेंदूपर्यंत अधिक पोचतो, माणूस गोंधळतो, दिवसा झोपतो, रात्री जागतो. म्हणून रुग्णाच्या दंडाचा घेर हा त्याच्या शुद्धीशीही संबंधित असतो.

आता मला वैद्यकाच्या इतिहासातील एका गोष्टीपाशी थांबायचे आहे. मी सर्वाधिक अस्वस्थ झालो तो ती वाचून. अमेरिकेतील चाइल्ड आणि टर्कोट या शल्यविशारदांनी १९६४ मध्ये सिऱ्होसिसचा रुग्ण शस्त्रक्रिया कितपत सोसेल हे जोखण्यासाठी पाच गोष्टी पाहण्याची रीत सांगितली : रक्तातील बिलिरुबिन, रक्तातील अल्ब्युमिन, पोटातील पाणी, मेंदूवरील परिणाम, आणि पाचवी, पोषणाची स्थिती. पोषण तेव्हा यादीत होते. १९७३ मध्ये लंडनच्या प्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही यादी सुधारली, आणि पोषणाच्या जागी रक्त गोठण्यास लागणारा वेळ घातला. रक्त गोठण्याचा वेळ सेकंदांत सांगता येतो, पोषणाविषयी मात्र दोन डॉक्टरांची दोन मते पडत. ही सुधारित रीतच जगभर रूढ झाली. पुढे यकृतरोपणासाठी रुग्णांचा क्रम लावणारे गणित आले, तेही रक्ताच्या आकड्यांवर उभे. या आकड्यांनी असंख्य माणसांचे प्राण वाचवले आहेत, हे मला मान्य आहे. परंतु जे मोजायला अवघड होते ते यादीतून गळले, आणि यादीतून गळलेले डॉक्टरांच्या पाच मिनिटांतूनही गळले. विद्यापीठाच्या परीक्षांतही मी हेच होताना पाहिले आहे. पण तो विषय काढला तर आपल्याला रात्र पुरणार नाही.

अल्ब्युमिनविषयी एक खुलासा. पुष्कळांना, काही काळ मलाही, असे वाटत होते की अल्ब्युमिन कमी म्हणजे पोषण कमी. ते प्रथिन यकृतातच तयार होते. यकृत बिघडले की ते कमी होणारच, मग माणूस कितीही जेवो. म्हणून या आजारात अल्ब्युमिन यकृताची हकीकत सांगते. ताटाची सांगत नाही.

मग पाहावे तरी काय? १९८७ मध्ये टोरांटोच्या डेट्स्की, जीजीभॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत मांडली. तिच्यात यंत्र जवळजवळ नाहीच. गेल्या सहा महिन्यांत वजन किती उतरले, खाण्यात काय बदल झाला, मळमळ-उलटी-जुलाब आहेत का, माणूस हिंडतोफिरतो का, आणि मग डोळ्यांनी व बोटांनी चरबी आणि स्नायू पाहणे. एवढ्यावरून रुग्णाला तीनपैकी एका वर्गात ठेवायचे. मी हे वाचले त्या दिवशी सरांची ती लांबट वही आठवली. दंड चिमटीत धरून ते हेच करीत होते. अर्थात सिऱ्होसिसमध्ये ही पद्धतही काही जणांना निसटू देते. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयाने म्हणूनच यकृताच्या रुग्णांसाठी वेगळी प्रश्नावली केली. पाणी साचले आहे का, आणि त्या पाण्यामुळे जेवण कमी झाले आहे का, हे ती सुरुवातीलाच विचारते.

दंडाच्या मापाचेही एक छोटे गणित आहे. दंडाच्या मध्यावरचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यायचा. मागच्या बाजूची कातडी-चरबीची घडी एका चिमट्यासारख्या साधनाने मोजायची, तिला ३.१४ ने गुणायचे आणि घेरातून वजा करायचे. घेर २४ आणि घडी ०.८ असेल, तर आतला स्नायू सुमारे २१.५ सेंटिमीटर घेराचा. पोटातले पाणी सहसा दंडात उतरत नाही, म्हणून हे माप काट्यापेक्षा प्रामाणिक. सीटी स्कॅनवर कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी स्नायूंचे क्षेत्रफळ मोजतात, ते सर्वांत नेमके. पण केवळ तेवढ्यासाठी कोणी स्कॅन काढत नाही. दुसऱ्या कारणासाठी काढलेला असेल तर त्यातून हे वाचता येते, आणि ते वाचायला सांगावे.

मला स्वतःला सर्वांत पटलेले माप म्हणजे मूठ. हातात धरून दाबायचे एक साधन असते, त्यावर किलोंत आकडा येतो. ब्राझीलमध्ये २००५ साली बाह्यरुग्ण विभागातील सिऱ्होसिसच्या पन्नास रुग्णांवर झालेल्या अभ्यासात टोरांटोच्या पद्धतीने २८ टक्के रुग्ण कुपोषित ठरले, आणि मुठीच्या मापाने ६३ टक्के. पुढच्या वर्षभरात कोणाला गुंतागुंत होईल याचा अंदाजही मुठीने अधिक चांगला दिला. आशियाई देशांतील तज्ज्ञांनी २०१९ मध्ये ठरवलेल्या मर्यादेनुसार पुरुषाची पकड २८ किलोंच्या खाली आणि स्त्रीची १८ च्या खाली असेल तर ती क्षीण समजावी. कॅलिफोर्नियातील डॉ. जेनिफर लाय यांनी २०१७ मध्ये मुठीच्या जोडीला आणखी दोन गोष्टी घेतल्या : हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठणे, आणि पाय ठरावीक रीतीने ठेवून तोल सांभाळणे. त्यांपैकी खुर्ची प्रत्येकाच्या घरात आहे.

त्या जानेवारीत भावाने ते साधन उजव्या हातात दाबले. १९ आला. "पुन्हा दाबू का?" म्हणाला. पुन्हा १९. मलखांब दोघांनाही आठवला असणार. कोणी बोलले नाही.

आता मी माझ्या खऱ्या विषयाकडे, म्हणजे भाषेकडे, येतो. पोषण जोखण्याचा अर्धा भाग प्रश्न विचारण्यात आहे. त्या मुलीने विचारले, "जेवण कसं आहे?" भाऊ म्हणाला, "व्यवस्थित." भावजय म्हणाली, "सगळं खातात हो, काही तक्रार नाही." दोघेही खरेच बोलत होते. मराठीत 'जेवण झाले' याचा अर्थ पानावर बसून उठलो एवढाच आहे. किती खाल्ले हे त्या वाक्यात कोठेच नाही. 'दोन घास', 'थोडेसे', 'पोटभर', 'चवीपुरते' हे सर्व शब्द आदरातिथ्याचे आहेत, मापाचे नाहीत. त्यातून घरातल्या कर्त्या माणसाने आपण कमी खातो असे म्हणणे म्हणजे बायकोच्या हातच्या अन्नाला नाव ठेवणे. ती मुलगी यावर अडली नाही. तिने काल सकाळपासूनचा हिशेब मागितला : केव्हा, कोणती वाटी, किती भरलेली, पानात काय टाकले. तो असा निघाला. सकाळी चहा आणि दोन बिस्किटे. अकराला एक फुलका, दुधीची बिनमिठाची भाजी, डाळीवरचे पाणी. चारला पुन्हा चहा. साडेसातला मऊ भात आणि ताक. बेरीज साधारण ९०० कॅलरी आणि २५ ग्रॅम प्रथिने. वहीतल्या दीड वर्षाच्या आकड्यांपेक्षा या चार ओळींत अधिक माहिती होती.

प्रश्न नेमका विचारण्याचे महत्त्व सांगणारे एक मोठे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. लहान मुलांना होणारा एक भयंकर सिऱ्होसिस भारतात होता. १९८० च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी टॅनर यांनी आयांना विचारले की बाळाचे दूध कोणत्या भांड्यात तापवता व ठेवता. तांब्या-पितळेची, कल्हई नसलेली भांडी, त्यांतून दुधात उतरणारे तांबे, आणि बाळाच्या यकृतात साठलेले तांबे, असा दुवा त्यातून पुढे आला. भांडी बदलली आणि तो आजार आता क्वचितच दिसतो. 'दूध देता का?' एवढेच विचारून थांबले असते, तर सर्व आयांनी 'हो' म्हटले असते.

आमच्या पानातून डाळ का गेली होती, तेही सांगायला हवे. एका दवाखान्यात, ज्याचे नाव मी घेणार नाही, भावाला प्रथिने टाळा असे सांगण्यात आले होते. डाळ, दूध, पनीर बंद. एकेकाळी ही सर्वमान्य समजूत होती की प्रथिनांनी अमोनिया वाढतो आणि मेंदूवर परिणाम होतो. बार्सिलोनातील कोर्दोबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले की अशा परिणामाने रुग्णालयात आलेल्या रुग्णांनासुद्धा नेहमीइतकी प्रथिने दिली तर बरे होण्यात फरक पडत नाही. उलट कमी दिली तर शरीर स्वतःची प्रथिने अधिक मोडते. आज स्थूल नसलेल्या रुग्णासाठी दर किलो वजनामागे रोज किमान ३५ कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने असे प्रमाण सांगितले जाते. ५३ किलोंच्या माणसाला म्हणजे १८५० कॅलरी आणि ६४ ते ८० ग्रॅम प्रथिने. भाऊ याच्या निम्म्यावर होता, आणि तेही आम्ही पथ्य म्हणून, निष्ठेने, करीत होतो. पथ्य या शब्दाचा मूळ अर्थ वाटेला धरून असलेले, हितकर, असा आहे. आपण त्याचा अर्थ 'बंद' असा करून टाकला. "पथ्य काय?" असे विचारले की वैद्य काय खाऊ नये ते सांगतो, आणि काय खावे ते कोणी विचारीत नाही.

मिठाचे मात्र खरे पथ्य असते, कारण मीठ पाणी धरून ठेवते. पण बेचव अन्न खाल्लेच गेले नाही तर मीठ वाचवून काय साधले? आमच्या बडोद्याचा माणूस, त्याला शेव-उसळीची आठवण येणारच. भावजयीने लिंबू, आले, कोथिंबीर, भाजलेले जिरे यांवर पुढचे सारे निभावले. अर्थात किती मीठ चालेल हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

बदल झाला तो मुख्यतः वेळापत्रकात. दोन मोठ्या जेवणांऐवजी सहा लहान खाणी, आणि रात्री झोपण्यापूर्वी एक हमखास. न्यूझीलंडमध्ये प्लँक आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवले की तेच पोषक पेय दिवसा दिले तर वर्षभरात स्नायूंत भर पडत नाही, आणि रात्री दिले तर सुमारे दोन किलोंची भर पडते. आमच्याकडे रात्री दहाला दूध आणि भाजलेल्या डाळ्याच्या पिठाची वडी असे. मधुमेहामुळे गोडाचे प्रमाण सांभाळावे लागे. त्यासाठी त्या मुलीला दर पंधरवड्यास विचारीत असू. पूर्वी साडेनऊला घरात दिवे मालवत. आता दहाचे दूध होईपर्यंत मी आणि भाऊ पत्ते खेळत बसू.

वहीचे रकाने मी नव्याने आखले. वजन राहिले, पण त्याच्याशेजारी 'पाणी वजा करून' असा रकाना आला. मग दंडाचा घेर, महिन्यातून एकदा. मूठ, तपासणीला गेलो की. खुर्चीवरून पाच वेळा उठण्यास लागणारे सेकंद. आणि शेवटी कालचे खाणे, वाट्यांत. पहिल्या तीन महिन्यांत पोटातले पाणी औषधांनी उतरले आणि काट्यावरचा आकडा ६६ वरून ५८ वर आला. नातेवाईक घाबरले. एक आत्याबाई तर माझ्यावर रागावल्या, की दादा, तुम्ही त्याला उपाशी मारता आहात. मी त्यांना वही दाखवली. दंडाचा घेर त्याच तीन महिन्यांत अर्ध्या सेंटिमीटरने वाढला होता. त्यांचे समाधान झाले नाही. वर्षअखेरीस मूठ २४ झाली. २८ ती कधी झाली नाही.

मी आपणांस खोटा दिलासा देऊ इच्छित नाही. खाण्याने कठीण झालेले यकृत मऊ होत नाही. भाऊ २०१९ च्या पावसाळ्यात गेला. मधली चार वर्षे त्याला मिळाली, त्यांत आहाराचा वाटा किती आणि औषधांचा किती, हे मी सांगू शकत नाही. त्या चार वर्षांत तो मुलीच्या लग्नात उभा राहिला, आणि दोनदा आखाड्यात जाऊन मुलांचा मलखांब पाहून आला.

वही माझ्याकडे आहे. पहिल्या पंचाहत्तर पानांवर फक्त तारीख आणि वजन आहे, सुवाच्य अक्षरात, लाल रेघांनी आखलेले. त्यापुढच्या पानांचे अक्षर माझे नाही, भावजयीचे आहे, कारण वाट्या तिला माहीत होत्या. शेवटच्या पानावर रात्री दहाच्या रकान्यात लिहिले आहे, 'दूध अर्धा कप, वडी नको म्हणाले.'